दोन काठांची विहीर

सुईला दोन नेढी दिसत होती आणि पुनम दोरा नेमका खोट्या नेढ्यात घालत होती.

टोक दातांनी चावून बारीक केलं, ओठांनी ओलं केलं, श्वास धरला. दोरा आरपार गेलेला तिला स्वच्छ दिसला. ओढला, तर हातात नुसता दोराच. ओसरीवर शेजारच्या सुमनबाई आपल्या ब्लाउजची वाट बघत शेंगा फोडत बसल्या होत्या, त्या हसायला लागल्या.

"काहून गं पुनम, माह्या वयाची झालीस की काय? आण इकडं, मी ओवून देते."

"ऱ्हाऊ द्या काकू. उजेड कमी हाय."

उजेड कसला कमी! मार्चातली दुपार, जवळा बाजारच्या गल्लीत पत्रे तडतडत होते. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, हे शिक्षण पुनम माहेराहून घेऊन आली होती. सुमनबाई आत पाणी प्यायला गेल्या तशी तिने खरोखरच मूठ झाकली. उजवा हात गोल वळवून डोळ्याला लावला आणि बोटांच्या मधल्या बारीक भोकातून बघितलं. एकच सुई, एकच नेढं. जग कसं जागच्या जागी आलं! पण एक हात डोळ्याला लावल्यावर सुई धरायची कशाने आणि दोरा ओवायचा कशाने? खरं दिसत होतं तेव्हा हात मोकळे नव्हते, आणि हात मोकळे होते तेव्हा खरं दिसत नव्हतं.

पुनमचं माहेर पुसेगावचं. घरची हळद. शिजवून वाळवलेली हळद ड्रममध्ये घालून घासायला लागले की अंगणात पिवळी धूळ उडायची आणि लहानग्या पुनमचे डोळे खाजायला लागायचे. मग ती दोन्ही मुठींनी ते गरागरा चोळत बसायची. शाळेत असतानाच चष्मा लागला, नंबर वाढत गेला, काचा जाड होत गेल्या. लग्नाचं वय झालं तसे पाहुणे आले, पोहे खाल्ले, चष्म्याकडे बघितलं आणि गेले ते गेलेच. पुन्हा दुसरे आले, तेही तसेच. तेव्हा कुणीतरी तिच्या आईच्या, मिराबाईच्या, कानावर घातलं की शहरात लेसरने चष्म्याचा नंबर काढून देतात. टाका नाही, पट्टी नाही.

शहरातल्या त्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं. घरात कुणाला डोळ्यांचा आजार? नंबर सारखा बदलतो का? डोळे चोळायची सवय? मिराबाईने असे प्रश्न आयुष्यात एकाच ठिकाणी ऐकले होते, मुलगी दाखवायच्या बैठकीत. घरात कुणाला कोड आहे का, पोरीला फिट येते का, असं पाहुण्यांनी विचारलं की उत्तर पाठ असतं. तिने पदर सावरला आणि तेच उत्तर दिलं.

"न्हाई साहेब. आमच्या पोरीत कायबी खोट न्हाई."

पुनमच्या सख्ख्या मामाचं एक बुबुळ टोकदार होत होत पुढं आलं होतं आणि त्या डोळ्याची नजर गेली होती. ते मिराबाईने सांगितलं नाही. पुनम शेजारी बसून जमिनीकडे बघत राहिली, कारण दाखवायला आणलेल्या मुलीने मध्ये बोलायचं नसतं. दवाखान्यात रांग मोठी होती, खोलात शिरायला तिथेही कुणाला सवड नव्हती. पोरीला कुणी पसंत केलं नव्हतं, लेसरने मात्र लगेच केलं.

चष्मा गेला आणि वर्षाच्या आत जवळा बाजारचं स्थळ आलं. सासू नर्मदाबाई जुन्या पद्धतीची बाई. पोरीला चालून दाखव, वाचून दाखव म्हणाली नाही. पिशवीतून सुई-दोरा काढला आणि पुढं केला. पुनमने पहिल्या झटक्यात दोरा ओवला. नर्मदाबाई खूश झाल्या. "नजर बराबर हाय पोरीची," त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं. नवरा भागवत जिनिंगवर कापूस मापायला होता, स्वभावाने गरीब. पुनमने शिलाई मशीन टाकली. दोन वर्षं सगळं छान चाललं.

मग आली ती दिवाळी. अंगणात पणत्या लावल्या आणि पुनमला प्रत्येक ज्योतीच्या जरा वर, जरा डावीकडे दुसरी एक फिकट ज्योत दिसली. तिला वाटलं, धूर असेल. वर बघितलं तर चांदणीलाही जोडीदार होता. एक डोळा झाकला, तरी दोन. दुसरा झाकला, तरी दोन. हळूहळू दिवसाही दिसू लागलं. घागरीमागं घागर, खांबामागं खांब. आणि माणसामागं माणूस. पांढुरकं, पातळ, पुढच्या माणसापेक्षा जरासं उंच. पुढचं माणूस हललं की तेही हलायचं, थांबलं की थांबायचं. बाजाराच्या दिवशी तर रस्त्यात नुसती दाटी व्हायची. जेवढी जिवंत माणसं, तेवढीच त्यांच्या खांद्यांवरून डोकावणारी. पुनमला भीती वाटायची आणि भीती वाटली की डोळे खाजायचे, खाजले की ती चोळायची. मग तिने आपल्यापुरता एक नियम बसवला. फिकट दिसतं ते खोटं, गडद ते खरं. त्या नियमावर ती स्वयंपाक करायची, पाणी भरायची, अंदाजाने शिवायची. भागवतला सांगितलं असतं, तर लेसरचं निघालं असतं, मग चष्मा, मग ती ओवलेली सुई, आणि मग आईने सगळ्यांना फसवलं हे.

पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? तेही फुटलं, आणि भलत्याच दिशेला फुटलं.

एके दिवशी तिनसांजेला नर्मदाबाई शेतातून आल्या. दारात उभ्या राहिल्या तेव्हा पाठीमागं मावळतीचा उजेड होता. पुनम भाकरी थापत होती. तिने वर बघितलं आणि लगबगीने पदर डोक्यावर ओढला.

"कोण पाव्हणे आलेत, आत्याबाई?"

नर्मदाबाईंनी मागं वळून बघितलं. अंगण रिकामं होतं.

"कोन गं?"

"तुमच्या मागं उभे हायत ना. उंच..." पुनम बोलत गेली आणि बोलता बोलता तिला कळलं की आपण चुकलो. पण तोंडातून शब्द निघाले होते. "तोंड तुमच्याच वळणाचं. खांद्यावर हात हाय तुमच्या."

नर्मदाबाईंच्या डोक्यावरची पाटी खाली आली, वांगी अंगणभर घरंगळली.

त्यांचा धाकटा मुलगा वैजनाथ. पुनमचं लग्न व्हायच्या आधीच गेलेला. विहिरीवरची मोटार चालू करायला गेला, ओल्या हाताने पेटी उघडली, शॉक बसून विहिरीत पडला. भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो होता. सगळा आईचा तोंडवळा, तेच रुंद कपाळ, तीच हनुवटी, उंचीने मात्र आईपेक्षा वितभर जास्त. शेतातून येताना तो आईच्या खांद्यावर हात टाकून यायचा, आणि हे पुनमला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी नर्मदाबाई रडल्या, मग हसल्या, मग जेवायला बसल्या. पोरगा गेल्यापासून अर्ध्या भाकरीवर उठणारी बाई, पण त्या दिवशी त्यांनी दुसरी मागून घेतली. पुनमने भाकरी वाढली. 'आत्याबाई, माझ्या डोळ्यांत दोष आहे' हे वाक्य तिच्या जिभेवर होतं. ते तिने गिळून टाकलं. भुकेल्या माणसाच्या ताटातून भाकरी कुणी ओढून घेतं का?

तेव्हापासून घरात तिघांच्या जागी चौघं राहायला लागले. नर्मदाबाई घरात शिरल्या की कवाड लगेच लावत नसत. कडीला हात धरून क्षणभर थांबायच्या, कुणी मागून येतंय म्हणून थांबावं तशा, आणि मग लावायच्या. बाजेवर बसताना शेजारी जागा सोडायच्या. दिवसातून एकदा तरी विचारायच्या, "हाय का गं?" आणि पुनम सांगायची, "हाय." ती खोटं बोलत नव्हती. तिला दिसतच होतं.

गावात अशी गोष्ट लपते थोडीच! सुमनबाई एका गुरुवारी नारळ घेऊन आल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. "माहे मालक दिसतेत का बघ. दिसले तर म्हनावं, बैल इकला त्याचा राग धरू नका." पुनमला हसू आलं आणि त्याच वेळी अंगावर काटाही आला. भागवतने दबक्या आवाजात विषय काढला. "आई, हिला एकदा हिंगोलीला डोळ्याच्या डॉक्टरला दाखवू. परवा सुई बोटात घुसवून घेतली हिनं."

"काय दाखवायचं न्हाई," नर्मदाबाई म्हणाल्या. "देवानं दिलंय, डाक्टर काढून घेईल."

त्यानंतरची एक गोष्ट पुनमने कुणालाच सांगितली नाही. असाच दिवे लागायचा सुमार होता. नर्मदाबाई बाजेवर शेंगदाणे निवडत होत्या. पुनमने सवयीने मूठ डोळ्याला लावली. भोकातून तुळस एक दिसली. खांब एक. फोटो एक. मग तिने मूठ सासूबाईंकडे वळवली. नर्मदाबाई एकच दिसल्या, रेखीव, सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी अशा. आणि त्यांच्या मागं ते उभं होतं, तसंच. नर्मदाबाई सूप घ्यायला खाली वाकल्या. ते वाकलं नाही.

पुनमने हात झटकन खाली घेतला. मूठ नीट वळली नसेल, असं तिने स्वतःला बजावलं. पुन्हा बघायचा धीर मात्र तिला झाला नाही.

वैजनाथच्या तिथीला नर्मदाबाईंनी नैवेद्य केला आणि ऊन कलल्यावर पुनमला घेऊन शेताची वाट धरली. भागवत जिनिंगवर होता. विहीर दिसायला लागली तशा नर्मदाबाई थांबल्या.

"एकच काम कर माहं. तो इथं दिसून राहिला का, तेवढं सांग. घरी येतो ते खरं, पन त्याचा जीव इथंच आडकला आसंल तर? त्याला इथून न्यायला पायजे ना मला."

सूर्य अगदी टेकला होता आणि ऊन समोरून डोळ्यांत येत होतं. विहीर जुनी, दगडात बांधलेली, कठडा नसलेली. पुनमला विहिरीला दोन काठ दिसले. एक पांढुरका, चमकणारा, पायाजवळ. दुसरा त्याच्या पलीकडे, काळसर. तिने आपला नियम लावला, फिकट ते खोटं आणि गडद ते खरं. पांढऱ्या काठाची पर्वा न करता काळ्या काठावर उभं राहून खाली डोकवायला ती पुढं सरकली. उन्हाने खरे दगड पांढरे करून टाकले होते, आणि काळा काठ फक्त तिच्या डोळ्यांत होता. तिने पाऊल टाकलं आणि पायाखाली काही आलंच नाही.

वेणीला जोराचा हिसका बसला. नर्मदाबाईंनी एका हाताने तिची वेणी, दुसऱ्या हाताने पदर धरला होता आणि स्वतःला मागं झोकून दिलं होतं. दोघी बांधावर आपटल्या. नैवेद्याची वाटी विहिरीत गेली आणि जरा वेळाने डुबुक असा आवाज आला.

"कुठं पाय टाकून राहिली व्हतीस गं? डोळे फुटले का तुहे?" नर्मदाबाई ओरडल्या. त्यांचे दात वाजत होते.

"दोन काठ दिसले, आत्याबाई."

मग पुनमने सगळं सांगितलं. हळद, चष्मा, लेसर, आईचं उत्तर, दोन ज्योती, दोन नेढी. रडत रडत सांगितलं. "तुमच्या मागं दिसतं ते तुमीच. माह्या डोळ्यातली तकलीफ हाय ती. समद्यांच्या मागं दिसतं. मूठ लावली की जातं." शेवटच्या वाक्याला तिची जीभ अडखळली.

नर्मदाबाई विहिरीकडे बघत राहिल्या. खालचं पाणी आता निवलं होतं.

"आन खांद्यावरचा हात?"

"पदर आसंल."

नर्मदाबाईंनी खांद्यावरच्या पदराला हात लावून बघितला. अंधारून यायला लागलं तशा उठल्या आणि पुनमचं मनगट धरलं. घरी येईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. पुनमला वाटत होतं, आता ही बाई मला माहेरी पाठवील, आणि पाठवलं तरी बोलायला तोंड नाही. दारात आल्यावर नर्मदाबाईंनी आधी तिला आत घेतलं. स्वतः आत आल्या. कडीला हात धरून नेहमीसारख्या क्षणभर थांबल्या, मग कवाड लावलं.

"एक या विहिरीनं न्हेलं," त्या म्हणाल्या. "दुसरं न्हाई देत मी तिला. उद्या हिंगोलीला जाऊ."

हिंगोलीतल्या डोळ्यांच्या डॉक्टर दीक्षा वयाने पुनमपेक्षा फार मोठ्या नव्हत्या. यंत्रावर हनुवटी टेकवून त्यांनी पुनमचे डोळे बराच वेळ बघितले आणि विचारलं, "डोळे चोळायची सवय आहे?"

पुनमने जमिनीकडे बघितलं. उत्तर नर्मदाबाईंनी दिलं.

"व्हय, चोळती. दिवसभर चोळती. मामाचा डोळा असाच गेला तिच्या. आन लेसर बी केलंय लग्नाआधी. आमच्यापासून लपवून ठिवलं व्हतं." त्या थांबल्या. "पन बाई, त्यांनी सांगितलं आसतं तर आमी पोरगी केली आसती का? न्हाई केली आसती. मंग बोल कुनाला लावायचा?"

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. नंबर घालवायचा म्हणजे लेसरने त्या पडद्याचाच थर झिजवायचा. बहुतेकांना ते सोसतं. पण ज्याचा पडदा मुळात कमजोर, घरात तसा आजार, वर चोळायची सवय, त्याने लेसरच्या वाटेला जायचं नसतं. उरलेला पडदा आतल्या दाबाने हळूहळू पुढं फुगतो, आणि फुगीर काचेतून एकाचं दोन दिसतं. पुनमचा फुगत चालला होता. औषध घालून किरणांनी तो घट्ट करता येईल. गेलेली नजर त्याने परत येत नाही, पण जाणं थांबतं. नंतर एक कडक लेन्स लावायची.

"आणखी उशीर केला असता, तर मेलेल्या माणसाचा पडदा काढून बसवायची वेळ आली असती," डॉक्टर म्हणाल्या.

नर्मदाबाईंनी हातातली पिशवी घट्ट धरली. "लेन्स लावल्यावर हिला कसं दिसंल?"

"एकाचं एक दिसेल, मावशी."

"मागचं काय दिसनार न्हाई?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. "नाही, काहीच नाही," त्या हसून म्हणाल्या.

शहरात जाऊन किरणांचं झालं. काही दिवस पुनमच्या डोळ्यांत मिरची घातल्यासारखी आग होत होती, नर्मदाबाई उशाशी बसून तिचे दोन्ही हात धरून ठेवायच्या, झोपेतही चोळू द्यायच्या नाहीत. मशीनवर कापड टाकून ठेवलं होतं. मिराबाई भेटायला आली, तेव्हा नर्मदाबाईंनी तिला चहा दिला आणि एवढंच म्हणाल्या, "पाव्हण्यांपासून लपवावं बाई, वैद्यापासून लपवू न्हाई." मिराबाई खूप रडली.

पाऊस संपून सोयाबीन निघालं तेव्हा लेन्स घ्यायला बोलावणं आलं. निघायच्या सकाळी पुनम केस विंचरत होती. नर्मदाबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या, पाठीवर उजेड घेऊन. नवं लुगडं नेसल्या होत्या आणि केसांना तेल लावलं होतं.

"बघ," त्या म्हणाल्या. "एकदा नीट बघून घे."

पुनमने कंगवा खाली ठेवला. ते होतं, पांढुरकं, वितभर उंच, आईच्या कपाळाचं.

"उभा हाय, आत्याबाई."

"हात?"

"खांद्यावर हाय."

"हसून राहिला का?"

त्या धुरकट तोंडावर हसू होतं की नव्हतं, हे देवालाही सांगता आलं नसतं.

"व्हय, हसून राहिला."

नर्मदाबाईंनी मान हलवली आणि पिशवी उचलली.

लेन्स डोळ्यांत बसली तेव्हा आधी पाणी आलं, मग जग एकेरी झालं. भिंतीवरची अक्षरं एकेकटी उभी राहिली. हिंगोलीच्या बसस्थानकावर एवढी माणसं होती आणि कुणाच्या खांद्यावरून कुणी डोकावत नव्हतं. पुनमला आनंद झाला, खूप झाला. तिला लिंबाची पानं मोजता आली असती, सुया ओवता आल्या असत्या. आणि एकीकडे सगळा स्टँड ओसाड पडल्यासारखाही वाटला. गाडीत बसल्यावर तिने सासूबाईंकडे बघितलं. कानाजवळचा तीळ दिसला, पापण्यांखालचा काळा घेर दिसला, इतका थकलेला चेहरा तिने पहिल्यांदाच बघितला. मागं फक्त खिडकी होती आणि खिडकीबाहेर कापसाची रानं. नर्मदाबाईंनी सगळ्या वाटेत काही विचारलं नाही. बाकावर शेजारी जागाही सोडली नव्हती.

घरी पोहोचायला तिनसांज झाली. नर्मदाबाईंनी कुलूप काढलं. पुनम आत गेली, मागोमाग त्या आत आल्या आणि न थांबता, वळूनही न बघता, कवाड लोटायला लागल्या.

पुनमने पुढं होऊन कवाडाला हात लावला आणि ते उघडं धरलं.

"थांबा जरा, आत्याबाई."

अंगणात तिला काहीच दिसत नव्हतं. तुळस एक होती, उंबरा एक होता. दोघी कवाडाला हात धरून उभ्या राहिल्या. मग नर्मदाबाई वाट देण्यासाठी जराशा बाजूला सरकल्या.